नळापाशी ठेवलेल्या चपला

१४ मार्च, गुरुवार. अकरा हजार सहाशे चाळीस रुपये. ताईच्या घरातला जुना फ्यूजचा बोर्ड काढून नवा बसवण्यासाठी वायरमनने दिलेला हा आकडा. कागद व्यवस्थित होता. सामान वेगळं, मजुरी वेगळी, आणि अगदी शेवटच्या ओळीत 'घरातले सर्व पॉइंट तपासणे, ४५०'. दाजींनी चष्मा कपाळावर चढवला, कागद हातभर लांब धरला आणि शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"तपासायला मी मेलोय का?"

मेले नव्हते. तीच तर अडचण होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या भांडारात त्यांनी चौतीस वर्षं नट-बोल्ट मोजून दिले आणि तेवढ्या भांडवलावर स्वतःला इंजिनिअर समजू लागले. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तसा ते टेस्टर लावत. लग्नाला जातानाही लावत. गल्लीत त्यांना 'मास्टर' म्हणायचे. कुणाचा पंखा बंद पडला की मास्टर हजर. पैसे घेत नसत. दोन कप चहा आणि दोन तास श्रोता एवढीच अपेक्षा. व्याख्यान संपेपर्यंत पंखा पूर्वीपेक्षा हळू फिरायला लागलेला असे. शेजारच्या बाईंची इस्त्री त्यांनी दुरुस्त केली, ती पुढे लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवायच्या कामी आली. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. दाजींचं अंगण नेहमी कंपनीने वाकडं बनवलेलं असे. "हल्ली मालच चांगला येत नाही," एवढं बोलून ते हात पुसत.

घरचा बोर्ड त्यांचा विशेष लाडका. दारामागे एक लाकडी फळी, तिच्यावर चिनी मातीचे तीन फ्यूज आणि उघड्या तारा. झाकण कधीकाळी होतं. नंतर त्या जागी दाजी दरवर्षी नवं कॅलेंडर टांगत. वर्ष बदलायचं, तारा त्याच. पाहुण्याला पाण्याचा पेला मिळण्याआधी एक वाक्य ऐकावं लागे, "वीस वर्षांत एकदाही फ्यूज उडालेला नाही आमच्याकडे!"

त्या घरात आणखी एक रीत होती. नहाणीच्या दाराशी हिरव्या पट्ट्यांच्या रबरी चपला ठेवलेल्या असायच्या, आणि त्या घातल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही. नळाला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या येत. ताई म्हणायची, "आमचा नळ चावरा आहे." पाहुण्यांना ती हसून सांगायची, जसं एखादा घरच्या कुत्र्याबद्दल सांगेल. सुरुवातीला तिने दाजींकडे तक्रार केली होती. दाजींनी टेस्टर नळाला टेकवला.

"दिवा लागला?"

"नाही."

"मग? करंट नाही. तुझ्या अंगात वात आहे."

"पण सकाळी जास्त चावतो हो."

"वात सकाळीच जास्त असतो."

ताईने दोन वर्षं वाताच्या गोळ्या खाल्ल्या. मी काय केलं? मीही चपला घातल्या. दुसऱ्याच्या खतावणीत रुपयाचा फरक आला तर मला जेवण गोड लागत नाही, आणि सख्ख्या बहिणीचा नळ का चावतो हे मी वीस वर्षांत एकदा विचारलं नाही. दाजींना नावं ठेवताना हे बाजूला ठेवून चालणार नाही.

हे असंच चालू राहिलं असतं. पण माझ्या भाचीला पुन्हा नोकरी मिळाली. १ एप्रिलला रुजू व्हायचं होतं आणि तिच्या चार वर्षांच्या मुलीला, पिल्लूला, दिवसभर ताईकडे ठेवायचं ठरत होतं. ताई महिनाभर त्याच आनंदात होती. मग भाची एकदा बोर्डावरचं कॅलेंडर बाजूला करून आत डोकावली.

"आई, हे बदल. नाहीतर मी तिला पाळणाघरात घालते. एकदा तिकडे रुळली की परत आणणार नाही, आधीच सांगते."

त्याच दिवशी ताईने शिवणाचे साठवलेले पैसे काढले आणि मला फोन केला. "माणूस तू आण. ह्यांच्या ओळखीचा नको."

वायरमन पन्नाशीचा, तोंडाचा मोजका. पुढच्या बुधवारी सकाळी कामाला आला. त्याने पहिला फ्यूज ओढून काढला आणि उजेडात धरला. आत केसासारखी बारीक तार असायला हवी. तिथे पीळ दिलेली, सुतळीएवढी जाड तार होती.

"हे काय?"

"फ्यूजची तार," दाजी छाती काढून म्हणाले. "माझी स्वतःची युक्ती."

"यावर कपडे वाळत घालता येतील, काका."

"पण जळत नाही ना!"

"तिने जळायचंच असतं. ती जळली नाही तर पुढचं सगळं जळतं."

दाजींनी माझ्याकडे बघून डोळा मारला. अज्ञ माणसांना क्षमा करावी, अशा थाटात.

दुपारपर्यंत नवा बोर्ड बसला. त्यात एक मोठा स्विच होता. कुठूनही करंट बाहेर गळू लागला तर तो आपोआप खाली पडून घरभराची वीज तोडतो. "पडला तर मला फोन करा," वायरमनने बजावलं. मग विचारलं, "घरात कुठे शॉक, मुंग्या असं काही?"

"आमच्याकडे असलं काही नाही," दाजी उत्तरले.

ताई मागच्या खोलीत मशीनवर होती, तिला ऐकू गेलं नाही. मी तेव्हा हात धुऊन नहाणीच्या दारात उभा होतो. पायात हिरव्या पट्ट्यांच्या चपला होत्या. तरी मी तोंड उघडलं नाही. तपासणीची ओळ खोडलेलीच होती. वायरमनने अकरा हजार एकशे नव्वद मोजून घेतले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गीझर लावला आणि स्विच पडला. वर केला, पुन्हा पडला. पाच वेळा. दाजींना मुलगा झाल्यासारखा आनंद झाला. फोनवर आवाज फुटत होता.

"ऐकलंत का हिशेबनीस? तुमचा अकरा हजारांचा पहारेकरी! धन्याला बघूनच पडतो!"

"वायरमनला बोलवा, दाजी."

"त्याला कशाला? मी बघतो."

दाजी 'बघतो' म्हणाले की त्या वस्तूवर पाणी सोडावं.

रविवारी, २४ तारखेला, मी गेलो. दाजी खुर्चीत पाय पसरून बसले होते, पायांत चपला, डोक्यावर पंखा गरगरत होता. बोर्डातला मोठा स्विच मात्र खाली पडलेला.

"पंखा कसा चालतोय?"

"बगल दिली त्याला." वरच्या तारेपासून खालच्या तारेपर्यंत त्यांनी एक तुकडा जोडला होता. वीज आता पहारेकऱ्याला न विचारता मागच्या दाराने ये-जा करत होती. "आता पाडून दाखव म्हणावं!"

मी हातपाय धुवायला गेलो. नहाणीच्या दाराशी हिरव्या चपलांशेजारी आणखी एक जोड ठेवला होता. गुलाबी, रबरी, माझ्या तळहाताएवढा. किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली.

"पिल्लूच्या आहेत," ताई मागून म्हणाली. "आधीपासून सवय लावायला हवी ना रे. पोर अनवाणी पळेल, पण मी लक्ष ठेवीन."

मी तिथूनच वायरमनला फोन लावला.

तो तासाभरात आला. जोडलेला तुकडा बघितला. थेट गीझरकडे गेला आणि प्लग ओढून काढला. तीनपैकी एक पिन मुळाशी कापलेली होती.

"ही?"

"भिंतीत भोकं दोनच होती," दाजी म्हणाले. "करवतीने कापली. तिसरीचं काही काम नसतं."

"गळणारा करंट जमिनीत न्यायचं काम असतं. ती नसली की तो नळात येतो." वायरमन ताईकडे वळला. "बाई, नळाला मुंग्या येतात?"

"येतात की. वीस वर्षं येतात. पण तो वात आहे."

वायरमन हसला नाही. दाजींनी घाईघाईने टेस्टर पुढे केला. "मी स्वतः तपासलंय. याने!"

वायरमनने तो भिंतीतल्या चालू सॉकेटच्या भोकात घातला. दिवा लागला नाही. मग स्वतःचा घातला, लख्ख लागला.

"याचा दिवा तुम्ही कधी लागलेला बघितलाय, काका?"

"लागला नाही म्हणजे करंट नाही," दाजी म्हणाले. ते अगदी मनापासून बोलत होते.

इथपर्यंत मला त्यांची कीव आली असती. पण वायरमनने गीझर पुन्हा लावला आणि शांतपणे म्हणाला, "मग काका, चपला काढा आणि नळ धरा. वात बाईंना आहे, तुम्हाला नाही."

दाजी जागचे हलले नाहीत.

"फरशी गार आहे."

"काढा ना, अहो," ताई म्हणाली.

"कशाला नसते उद्योग!"

"राहू दे, धरू देणारच नव्हतो," असं म्हणत वायरमनने प्लग काढला. पण ताई दाजींच्या पायांकडे बघत राहिली होती.

"तुम्ही कधीच काढत नाही," ती सावकाश म्हणाली. "अंघोळीलाही नाही. मला वाटायचं, टाचांना भेगा आहेत म्हणून."

दाजींनी एक पाय दुसऱ्यामागे लपवला.

"तुम्हाला माहीत होतं."

"माहीत असं नाही गं. अंदाज होता थोडासा."

मूर्ख माणसाला मी आयुष्यभर सांभाळून घेत आलो, ऑफिसात तर रोजच घेतो. पण स्वतः चपला घालून बायकोला वाताच्या गोळ्या चारणाऱ्याला मूर्ख म्हणणं हा मूर्खांवर अन्याय होईल. ताईने आवाज चढवला नाही. दाजींच्या हातातला टेस्टर काढून घेतला आणि वायरमनला म्हणाली, "भाऊ, सगळं तपासा. एकूणएक. ह्यांनी हात लावलेलं सगळं."

"तपासणीचे साडेचारशे होतील, बाई."

"ते माझ्याकडे लागले," दाजी म्हणाले. इभ्रत वाचवायला तेवढं एकच बोलण्यासारखं उरलं होतं.

सोमवारी गीझरची कॉइल बदलली, तिसरी तार जमिनीपर्यंत नेली, नवा प्लग बसला. आणखी दोन ठिकाणी मास्टरांच्या युक्त्या सापडल्या, त्याही काढल्या. कॉइलचे पैसे ताईनेच दिले. मग वायरमनने स्विच वर केला. तो वरच राहिला. ताई अनवाणी नहाणीत गेली, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी नळ धरला. बराच वेळ तशीच उभी होती.

"पाणीच आहे नुसतं," ती म्हणाली.

१ एप्रिलला पिल्लू आली. गुलाबी चपला ती अंगणात घालते. टेस्टर ताईच्या शिवणाच्या डब्यात आहे. नाडी ओवायला बरा पडतो. दाजींच्या खिशाला आता पेन असतं, आणि त्या पेनानेच ते गल्लीतल्या लोकांना बोर्डाची आकृती काढून दाखवतात. "एक लक्षात ठेवा," ते सांगतात, "सगळे पॉइंट तपासून घेतल्याशिवाय नवा बोर्ड बसवायचा नाही. आम्ही तसंच केलं."

आज ९ जून. वायरमनचे साडेचारशे रुपये दाजींकडे अजून बाकी आहेत.