राहून गेलेला पाहुणा

त्या डोंगरगावात त्याला सगळे ‘पाहुणे’ म्हणतात. त्याचे केस तिथेच पांढरे झाले, निम्म्या घरांतले नळ त्याच्या हातचे आहेत, तरी हाक तीच. “पाहुणे, मोरी तुंबलीय, जरा बघता का?” पाठीवर गाठोड्याएवढ्या पिशव्या घेऊन डोंगर चढायला आलेली मंडळी हे ऐकून बुचकळ्यात पडतात. पाहुण्याला मोरी उपसायला लावणारं हे कुठलं गाव? मग बेकरीच्या बाकावर चहा घेता घेता कोणीतरी त्यांना सगळं सांगतं. सांगणारा बदलतो, थोडा मीठमसाला बदलतो, पण गोष्ट खरी आहे.

तो मुळात खालच्या सपाटीवरचा, मोठ्या शहरातला प्लंबर. लग्न राहूनच गेलं. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं औषधपाणी, अंघोळ, कूस बदलणं सगळं तोच करायचा. आई गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. संध्याकाळ झाली की हात आपोआप औषधाच्या बाटलीकडे जायचा आणि तसाच मागे यायचा. थोरली ताई येऊन राहिली, तिने हे पाहिलं आणि एका सकाळी त्याची पिशवी भरून दारात ठेवली.

“असा भिंतीकडे बघत किती दिवस बसणार आहेस? जा, डोंगरबिंगर बघून ये.”

“मला काय कळतंय डोंगरातलं?”

“त्यात कळायचंय काय? चढायचं, दमायचं, खाली यायचं.”

तो निघाला. रस्ता जिथे संपतो आणि बस जिथून तोंड वळवते, तिथे उतरला. एकच उभ्या चढाची गल्ली, दोन्ही बाजूंना उतरत्या छपरांची घरं, वळणावर एक दवाखाना आणि त्याच्या जरा वर बेकरी. बेकरीच्या माडीवर खोल्या भाड्याने मिळत. बेकरीवाले काका म्हणजे धिप्पाड माणूस, कोपरापर्यंत पीठ, आणि बोलणं असं की जणू शब्द धान्यासारखे मापून द्यायचे. “खोली वर. पाणी गरम. पाव सकाळी,” एवढं बोलून ते भट्टीकडे वळले.

पहिले दोन दिवस तो नुसता चालला. झाडं संपली, त्यांच्या वर गवताळ पठार लागलं, इतकं मोठं की ढगाची सावली त्याच्यावरून चालत जाताना दिसायची. मध्ये निळी तळी, पलीकडे बर्फाची शिखरं. पायांत गोळे आले होते, छाती भात्यासारखी हलत होती आणि त्याला वाटलं, हे कोणाला तरी दाखवायला हवं. तेव्हा कुठे, आई गेल्यावर पहिल्यांदा, तो दगडावर बसून पोटभर रडला. उठला तेव्हा अंग हलकं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी उतरताना त्याला शहाणपण सुचलं. पायवाट लांबून वळसा घेत होती, त्याने सुट्या दगडांचा उतार धरला. दगड सरकले, त्यांच्याबरोबर तोही सरकला आणि थांबला तेव्हा डावा पाय भलत्याच दिशेला वळलेला. ओरडून घसा कोरडा पडला. खाली कुठेतरी झऱ्याचा आवाज येत होता, स्वच्छ, जवळ, आणि तिथवर पोचणं काही शक्य नव्हतं. ज्याचा जन्म पाणी इकडून तिकडे नेण्यात गेला, तो माणूस पाण्याचा आवाज ऐकत तहानेने व्याकूळ होऊन पडला होता.

दुपार कलली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाई त्या वाटेने खाली येत होत्या. वरच्या वस्तीत लस टोचून परतत होत्या. त्यांनी आधी स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं, मग पाय पाहिला.

“हलू नका. कोण तुम्ही?”

वेदनेने त्याला स्वतःचं नावही आठवेना. “मी पाहुणा,” तो म्हणाला. “बेकरीवर उतरलोय.”

नर्सबाईंना तशातही हसू आलं. “बरं पाहुणे, इथेच थांबा. कुठे जाऊ नका.”

“जातोय कुठे!” तो कण्हत म्हणाला.

त्या पळतच खाली गेल्या. गावात स्ट्रेचर नव्हतं. बेकरीवाल्या काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोठारखोलीचा दरवाजाच बिजागऱ्यांसकट उपटला. त्या दारावर आडवं घालून चौघांनी त्याला खाली आणलं. पुढच्या टोकाला काका होते. वाटेत ते एकदाच बोलले, “जड आहात हो पाहुणे.”

खालच्या गावातल्या डॉक्टरांनी येऊन प्लास्टर घातलं आणि सांगितलं की हाड जुळायला बराच काळ लागेल. माडी चढणं शक्य नव्हतं, म्हणून काकांनी त्याला भट्टीमागच्या आपल्या खोलीत घेतलं आणि स्वतः माडीवरच्या थंड खोलीत झोपायला गेले. मग बर्फ पडायला लागला, रस्ता बंद झाला आणि पाहुणे अडकले.

त्या हिवाळ्यात त्याला जे मिळालं ते तो आजही सांगतो. भट्टीला लागून असलेली भिंत दिवसभर ऊबदार असायची, तिला पाठ टेकून तो बसायचा. नर्सबाई रोज येऊन पायाची बोटं हलवून बघायच्या आणि हलली की स्वतःच खूश व्हायच्या. शेजारच्या शिंपीणबाईंनी त्याच्या विजारीचा एक पाय उसवून प्लास्टरवरून जाईल असा सैल करून दिला. ज्याला जसं सुचेल तसं तो काही ना काही आणून द्यायचा, सूप, लोकरी मोजे, जुनी मासिकं. इतकी वर्षं त्याने दुसऱ्याचं केलं होतं. आपलं कोणी करतंय, याची त्याला सवयच नव्हती. चमचा कोणी हातात दिला तरी तो ओशाळायचा.

एके दिवशी त्याने काकांना विचारलंच, “काका, मी हे सगळं कसं फेडू?”

काका कणीक मळत होते. हात न थांबवता म्हणाले, “आधी पाय तर टेका जमिनीवर. मग बघू.”

पाय जमिनीवर टेकण्याआधीच एक दिवस दवाखान्यातला पाइप थंडीने फुटला. नर्सबाई धावत बेकरीत आल्या, औषधांच्या कपाटाखाली पाणी चाललं होतं. पाहुण्यांनी कुबड्या मागितल्या. काकांनी कुबड्या दिल्या नाहीत. त्याला पोत्यासारखं पाठीवर घेतलं आणि बर्फातून दवाखान्यात नेऊन स्टुलावर बसवलं. त्याने वॉल्व्ह कुठे आहे ते विचारून पाणी बंद करवलं, फुटलेला तुकडा कापला, काकांच्या अडगळीत मिळालेल्या नळीने सांधा जोडला. पाणी पुन्हा सुरू झालं आणि सांध्यातून एक थेंबही गळला नाही, तेव्हा नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्याचे कान लाल झाले. हातात पान्हा धरल्यावर किती बरं वाटतं, हे तो विसरूनच गेला होता.

बर्फ वितळला, बस आली. सगळी गल्ली निरोपाला जमली. शिंपीणबाई डोळे पुसत होत्या. काका मात्र बाहेर आले नाहीत. पाव करपतील म्हणाले.

शहरात घर तसंच होतं, स्वच्छ आणि मुकं. तो कामावर जाऊ लागला, पण जीव रमेना. शेवटी त्याने ताईला सांगितलं, “मी परत जातोय.”

ताईने निरखून पाहिलं. “कोणी मुलगी आहे का रे?”

“नाही गं. नळ आहेत. सगळे गळतात.”

ताई हसली, मग तिने त्याला जवळ घेतलं. “तू मला त्या दिवशी घराबाहेर काढलंस,” तो म्हणाला, “ते उपकार मी विसरणार नाही.” ताई म्हणाली, “चल, मोठा आलास!” आणि त्याच्या हत्यारांची पेटी उचलून बसपर्यंत आली.

तो बेकरीत शिरला तेव्हा काका भट्टीतून पाव काढत होते. त्यांनी वळून पाहिलं. संबंध हिवाळाभर ‘तुम्ही’ म्हणणारा तो माणूस म्हणाला, “आलास? हात धू.”

त्या एका ‘आलास’ने त्याला घर मिळालं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने एक काम मनावर घेतलं. जिथे तो पडला होता, तिथल्या झऱ्याचं पाणी नळीने वर पायवाटेपर्यंत खेचता येणार नव्हतं, म्हणून त्याने वरच्या अंगाला दुसरा झरा शोधला आणि तिथून उताराने पाणी वाटेवर आणलं. नळ्या गावकऱ्यांनी खांद्यावर वाहिल्या. नळ सुरू झाला त्या दिवशी काका, गुडघे धरत, शिव्या घालत, तिथवर चढून आले. ओंजळभर प्यायले, मिशा पुसल्या आणि “गार आहे,” म्हणाले. काकांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी होती.

म्हातारपणी काकांचे हात थरथरू लागले तेव्हा कणीक पाहुणे मळू लागले. शेवटच्या आजारपणात काकांना ऊन पाण्याने अंघोळ घालताना, पाठ चोळताना त्याला आई आठवायची. पण आता त्या आठवणीत टोचणी नव्हती. “पुरे रे,” काका कुरकुरायचे. “सोलून काढशील.” ते गेले तेव्हा त्याचा हात त्यांच्या हातात होता. नंतर कोणी सांत्वनाला आलं की तो म्हणायचा, “मला दोनदा सेवा करायला मिळाली. एवढं कोणाला मिळतं?”

बेकरी आता नर्सबाईंची मुलगी चालवते. पाहुणे भट्टीमागच्या खोलीतच राहतात. सकाळचे पाव निघाले की हत्यारांची पिशवी घेऊन वर जातात, झऱ्याच्या तोंडावरची पाचोळ्याने भरलेली जाळी साफ करतात. खालून चालणाऱ्यांचे आवाज येऊ लागले की बाजूला सरून त्यांना वाट देतात. काल एक दमलेली बाई नळाखाली डोकं घालून हसत सुटली, तिच्या नवऱ्याने मग तिच्याकडे पाहून आपलंही डोकं नळाखाली घातलं. पाहुण्यांनी जाळी झटकली आणि ते पठार बघायला थोडं आणखी वर चढले.