नवसाच्या प्लेटवरचा रंग

टायटॅनियमवर चढणारा रंग हा रंग नसतोच. धातूच्या अतिशय पातळ कवचात अडकलेला तो प्रकाश असतो. हे वाचलं तेव्हा माझं मन भरून आलं होतं. प्रत्यक्षात तो ताईच्या शिकरणीच्या पातेल्यात, दाजींच्या पायातून निघालेल्या प्लेटवर चढवावा लागला.

ताडकळसच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून दाजींची नडगी मोडली होती. हाड जुळलं की आतली प्लेट पोखर्णीच्या नरसिंहाला वाहीन, असा त्यांचा नवस. प्लेट काढल्यावर ती त्यांनी मागून घेतली आणि घरी येईल त्याच्या हातात देऊ लागले. स्क्रूच्या भोकांत काहीतरी तपकिरी वाळलेलं होतं. पाहुणे ती निरखायचे आणि तोच हात चिवड्यात घालायचे.

"देवापुढं असली राखाडी पट्टी ठेवायची का, मेव्हणे? लोक काय म्हणतील?"

नवस देवाचा, अडचण लोकांची.

नाक दाबून मी ती घासली. रंग चढवायची कृती साधी आहे. स्टीलच्या पातेल्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. बॅटऱ्यांच्या माळेची ऋण तार पातेल्याला, धन पाण्यात लटकवलेल्या प्लेटला. प्लेटने पातेल्याला शिवायचं नाही. बॅटऱ्या वाढवल्या की रंग बदलतो. दोन रंग हवे असतील तर अर्ध्या भागावर नेलपॉलिश लावायचं आणि उघड्या भागाला आधी जास्त बॅटऱ्यांचा सोनेरी द्यायचा. मग नेलपॉलिश पुसून उरलेल्याला कमी बॅटऱ्यांचा निळा. सोनेरी हलत नाही. फक्त पुसलेल्या धातूला बोट लावायचं नाही; तेलकट जागी रंग चढत नाही.

सोनेरी सुरेख उतरला. नेलपॉलिश पुसून मी बॅटऱ्या कमी करायला वळलो, तेवढ्यात दाजींनी कोऱ्या भागावर अंगठ्याने कुंकू टेकवलं. पूजा राहिली होती म्हणे. मी ओरडल्यावर त्यांनी ते शर्टाने पुसलं. निळा चढला, पण मधोमध राखाडी अंगठा उमटला, रेघांसकट. पुन्हा करायला वेळ नव्हता. जीप दारात उभी होती.

देवळात दाजींनी अंगठ्यावर फूल ठेवून प्लेट पुढे केली. चेहरा पडलेला. फूल घसरलं. शेजारच्या म्हातारीने वाकून पाहिलं आणि हात जोडले.

"देवाचा अंगठा हाय, बाई."

रांग थांबली. लोक प्लेटवर कपाळ टेकवू लागले, स्क्रूच्या भोकांसकट. दाजींनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

"पायात असतानाच उमटला असंल," ते गंभीरपणे म्हणाले.

त्या सकाळी त्यांनी कांदाभजी खाल्ली होती आणि हात धुतले नव्हते.