जाळीचं कॅबिनेट आणि खोलीतला कापूस

कम्प्युटर माझा, काम माझं, पैसे माझ्या कामाचे. आणि नंदुरबारच्या त्या दुकानदाराने मान वर करून विचारलं ते माझ्या नवऱ्याला. "बोला भाऊ, कुठलं कॅबिनेट दाखवू?"

भाऊंना कॅबिनेट म्हणजे काय हे त्याच सकाळी एसटीत मीच समजावलं होतं. ज्या पत्र्याच्या उभ्या डब्यात कम्प्युटरचं सगळं सामान बसतं, तो डबा. मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करते. शहाद्याचा एक स्टुडिओवाला शूटिंग करून आणतो, आणि हळद, वरात, लग्न, पाठवणी हे सगळं कापून, जोडून, गाणी लावून मी कळसाडीत बसून फिल्म तयार करते. सात वर्षं झाली या कामाला. माहेरी शिकले, सासरी चालू ठेवलं. तरी दुकानदाराच्या लेखी मी पिशवी धरायला आलेली बाई.

आदल्या मे महिन्यात माझा जुना कम्प्युटर म्हसावदच्या एका लग्नाची फिल्म तयार होताना सहा वेळा बंद पडला होता. बाहेर पंचेचाळीसच्या घरात ऊन, आणि जुन्या कॅबिनेटचं तोंड सगळीकडून बंद. आत हवाच जात नव्हती. तापला की आपोआप बंद. फिल्म आठ दिवस उशिरा गेली, तेव्हा स्टुडिओवाला फोनवर शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचा हात चांगला आहे. पण पुढच्या सीझनला पुन्हा असं झालं, तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल." ओरडला असता तर बरं झालं असतं. हे काम गेलं, तर कळसाडीत बसून दुसरं मिळणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून मी महिनाभर शोधलं होतं. मला मिड टॉवर हवा होता, फार मोठा नाही, पण पोट मोकळं. समोरून जाळी, पुढे दोन पंखे हवा आत घ्यायला, मागे एक बाहेर टाकायला. माझं ग्राफिक कार्ड मी शिलाईच्या टेपने मोजलं होतं, ते आडवं बसायला हवं. आणि किंमत अडीच हजाराच्या आत. हे सगळं वहीच्या पानावर लिहून नेलं होतं.

दुकानदाराने पान बघितलंच नाही. त्याने नवऱ्यापुढे एक कॅबिनेट ठेवलं आणि बटण दाबलं. पुढून काच, बाजूने काच, आणि आत लाल-निळे-हिरवे दिवे गरगर फिरायला लागले. नवऱ्याचा चेहरा उजळला. सारंगखेड्याच्या जत्रेत आमच्या घरची माणसं घोड्याचे दात बघतात, खूर उचलून बघतात, झूल सगळ्यात शेवटी बघतात. इथे मात्र झूल बघूनच सौदा व्हायच्या बेतात होता.

"पुढून काच आहे, मग हवा कुठून जाणार?" मी विचारलं.

"जाते वहिनी, बाजूच्या फटीतून जाते," तो नवऱ्याकडे बघत म्हणाला. "आणि भाऊ, यासोबत पॉवर सप्लाय फुकट."

फुकटचा पॉवर सप्लाय म्हणजे काय असतो ते मी माझ्या पहिल्या कम्प्युटरला भोगलेलं आहे. जळाला तो जळाला, सोबत हार्ड डिस्क घेऊन गेला. मी म्हटलं, "फुकट नको, आणि काचही नको. जाळीवालं दाखवा." नवरा हळूच म्हणाला, "अगं, दिसायला कसं भारी आहे बघ." मला तिडीकच आली. दिसायला भारी हवं होतं तर माझ्यावर दिवाळीची माळ सोडायची होती.

शेवटी सगळ्यात वरच्या फळीवरून त्याने एक खोकं काढलं. वर बोटभर धूळ. काळा पत्रा, समोर बारीक जाळी, दिवा एकही नाही, काच कुठेच नाही. कोणी घेत नाही म्हणून पडून होतं. मी टेप लावली, कार्ड बसत होतं. किंमतही बसत होती. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हा त्या माणसाने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "गाव कुठलं?"

"कळसाडी."

"घरात कापूस भरता का? जाळीवालं कापसाच्या घरात चालत नाही, बारीक तंतूंचा तूस बसतो. भरत असाल तर हे पुढून लावायला घ्या." त्याने चुंबकाने चिकटणारी एक बारीक गाळणी काढली. किंमत दीडशे.

आता खरं सांगते. आमच्या घरात कापूस होता. डिसेंबरपासून ओसरीत आढ्यापर्यंत रचलेला होता, भाव वाढायची वाट बघत. आमच्याकडे सगळेच तसं करतात. पण तासभर जो माझ्याशी एक वाक्य धड बोलला नाही, तो आता मला खेडवळ ठरवून वर दीडशेची वस्तू गळ्यात मारतोय, असंच मला वाटलं. मी म्हटलं, "आमच्या घरात कापूस नसतो." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि खोकं उचललं. कापूस ओसरीत आहे, माझ्या खोलीत नाही, म्हणजे मी काही खोटं बोलले नाही, अशी मी बसमध्ये स्वतःची समजूत घातली. खोकं मांडीवर होतं.

घरी येऊन मी सगळं सामान स्वतः बसवलं. जुन्यातून काढलं, नव्यात स्क्रू आवळले, वायरी मागच्या बाजूने नेल्या. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "दिवा नही का याले?" मी म्हटलं, नाही माय, पण हवा आहे. मार्चची पहिली दोन लग्नं त्या कॅबिनेटने एकदाही न थांबता काढली. पुढे हात धरला तर पंख्याचा ओढा तळव्याला लागायचा. मला त्या काळ्या डब्याचा अभिमान वाटायला लागला होता.

मग धाकट्या दिराच्या साखरपुड्याचं ठरलं. मी दोन दिवस माहेरी गेले आणि परत येऊन बघते तर माझ्या खोलीत कापूस. पलंगाची बाजू सोडून बाकी सगळी खोली छातीपर्यंत पांढरी, आणि कोपऱ्यात टेबल आणि माझा कम्प्युटर. पाहुणे ओसरीत बसणार म्हणून कापूस इकडे आणला होता. मी सासऱ्यांना विचारलं, "नाना, मला एक शब्द तरी विचारायचा."

ते म्हणाले, "त्या खोलीमा काय शे? नुसता कम्प्युटर शे."

नुसता कम्प्युटर. त्या नुसत्या कम्प्युटरवर गेल्या वर्षी घराचा पंप दुरुस्त झाला होता. मला त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं. मी बोलले नाही, कारण घरात साखरपुडा होता, आणि नवरा म्हणाला, आठ दिवसांचा प्रश्न आहे. आठाचे वीस झाले. साखरपुडा झाला, पाहुणे गेले, कापूस तिथेच. अंगाला खाज सुटायची. चहात तूस, उशीवर तूस. मी रोज ब्रशने जाळी झटकायची आणि मनात दुकानदाराची ती दीडशेची गाळणी यायची. आली की मी आणखी जोरात झटकायची.

एप्रिलमध्ये, आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी, एक मोठी फिल्म द्यायची होती. संध्याकाळी सहाला स्टुडिओचा माणूस पेन ड्राइव्ह न्यायला येणार होता, कारण त्याच रात्री नवरीकडच्यांना ती पडद्यावर दाखवायची होती. दुपारी बारा वाजता मी काम चालू केलं. साडेबाराला कम्प्युटर बंद. थोडा थंड केला, पुन्हा चालू केला, पाऊण तासाने पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी मी पुढची जाळी उपसून काढली. जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर गोधडीसारखा जाड पांढरा थर बसला होता. आणि आतले पंखे बघितले तर माझ्या ब्रशने रोज झटकलेला अर्धा तूस आत ढकलला गेलेला. म्हणजे वीस दिवस मीच माझ्या हाताने त्याला बुजवत होते.

मी जाळी हातात घेऊन ओसरीत गेले. नाना चहा पीत होते, नवरा मोबाइल बघत होता. मी जाळी त्यांच्यासमोर ठेवली आणि जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, माझं काम आज जाणार आहे, आणि ते या कापसापायी जाणार आहे. तुमच्या बैलाच्या गव्हाणीत कोणी न विचारता सिमेंटच्या गोण्या ठेवल्या असत्या तर तुम्ही घर डोक्यावर घेतलं असतं. माझी खोली म्हणजे काय उकिरडा आहे का, जे कुठे मावत नाही ते टाकायला? माझा आवाज कापत होता, आणि आवाज कापतोय याचाही मला राग येत होता.

नवरा म्हणाला, "हळू बोल, शेजारी ऐकतील."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "भाव येऊ दे, मंग दखसूत." म्हणजे नंतर बघू.

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी जाळी उचलली, उन्हाकडे धरली, आणि खाली बसून तिच्यावरचा तूस वेचायला लागल्या. ब्रश नाही, फडकं नाही. अंगठा आणि दोन बोटं, बोंडातून कापूस काढतात तशी. थर सालीसारखा अख्खा सुटून आला. मग माझ्यासोबत खोलीत आल्या, आणि पंख्याची पाती एका हाताने धरून दुसऱ्या हाताने तीही तशीच वेचली. आयुष्यभर त्यांनी त्या कम्प्युटरला बोट लावलं नव्हतं. दहा मिनिटांत सगळं स्वच्छ झालं. मी बटण दाबलं, आणि त्या तिथेच जमिनीवर, कॅबिनेटच्या तोंडाशी मांडी घालून बसल्या.

तीन तास बसल्या होत्या. हवेबरोबर तूस ओढला जायचा, जाळीवर टेकायचा, आणि त्या तो आत जायच्या आधी टिपायच्या. टिपलेला मांडीवर जमा करून मधूनच त्याची वात वळायच्या, देवासाठी. फिल्म किती टक्के झाली तो पडद्यावरचा आकडा मी बघत होते. साठ, सत्तर, ऐंशी. पाच वाजून दहा मिनिटांनी फिल्म पूर्ण झाली. त्यांच्या ओच्यात तेरा-चौदा वाती होत्या.

त्या उठल्या, गुडघे धरत ओसरीत गेल्या, आणि नानांपुढे उभ्या राहिल्या. मी दारातच होते, म्हणून ऐकलं.

"चाळीस वरीस मी कापूसमाच झोपनू," त्या म्हणाल्या. "आते हाई खोली तिनी शे. कापूस तुमन्या खोलीमा लई जा."

सहाला स्टुडिओचा माणूस आला आणि फिल्म घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आणि माझा नवरा कापूस उचलायला लागले. कापूस नानांच्या खोलीत गेला आणि तिथे मेच्या अखेरपर्यंत राहिला. भाव काही आला नाही. नाना रोज पाठ खाजवायचे. मला त्याचं वाईट वाटलं का, असं कोणी विचारलं, तर नाही वाटलं.

गाळणी मी नंतर मागवली. नंदुरबारहून नाही, तेवढं मी केलं नाही. तो माणूस बरोबर होता हे मी त्याला कधीही सांगणार नाही, कारण बरोबर गोष्ट पटवायची असेल, तर आधीपासूनच समोरच्याकडे बघून बोलावं लागतं.

माझ्या खोलीतून कापूस गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी कामाला बसले होते. दार उघडंच होतं. सासूबाई आत न येता उंबऱ्याशी थांबल्या, हातात वातींची डबी. ज्या घरात त्यांनी कधी कोणाला विचारून पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्यांना विचारून कोणी काही केलं नव्हतं, त्या घरात त्या मला म्हणाल्या, "मझार येऊ का वं?"

मी खुर्चीवरून उठले. जाळीवर त्या दिवशी काहीच नव्हतं. तरी आम्ही दोघी खाली बसलो आणि बघितलं.