घोंगड्यातला आवाज

देवगाव फाट्यावर मी सेलूच्या बसची वाट पाहत होते. शेजारी एक बाई डोक्यावरून घोंगडं घेऊन आत काहीतरी बोलत होती. ताप असेल म्हणून मी विचारलं, तर घामानं डबडबलेला चेहरा बाहेर आला.

"न्हाई ताई, फोनात आवाज भरायलेय. गाड्यांचा गलका नको म्हणून घोंगडं."

जाहिरातींना आवाज द्यायची कामं देणाऱ्या वेबसाइटवर ती आपल्या आवाजाचे नमुने पाठवायची. दरवेळी उत्तर यायचं, भाषा गावठी आहे.

"मग शुद्ध बोलून पाहिलं का?"

"पाहिलं की. माझाच आवाज मला वळखू येईना. दिलं सोडून."

आज मेंढ्यांच्या लसीकरणाच्या जाहिरातीसाठी आवाज हवा होता. तिनं नमुना पाठवला. बस यायच्या आत तिचा फोन वाजला. पलीकडचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"तुमचाच आवाज घेतोय. भाषा अशीच राहू द्या."

ती ताडकन उठली. रस्त्यापलीकडं तिचा नवरा मेंढरं चारत होता.

"अवो, माझा आवाज घेतला!"

मधून ट्रक चालले होते. ऐकू येईना म्हणून त्यानं कानामागं हात धरला. ती पुन्हा ओरडली, तसा अख्खा फाटा वळून बघायला लागला. नवऱ्यानं काठी उंच धरून नाचवली.

इतक्या मोकळ्या आवाजात आपण शेवटचं कधी बोललो, ते मला बसमध्ये बसल्यावरही आठवेना.