पाऱ्याचे पाय

रुग्णालयाच्या माळ्याला सगळे 'पारा' म्हणत, आणि तोही त्या नावाला खुशाल ओ द्यायचा. त्याचं असं होतं की उन्हाळ्यात माजलेली हरळी थंडी लागली की वाळून पडते. अंगण हिरवं ठेवायचं तर तिच्याच अंगावर थंडीतल्या गवताचं बी पेरावं लागतं, तेही नेमक्या वेळी. लवकर पेरलं तर कोंब उकाड्यानं सडतात, उशीर झाला तर बी गारठून नुसतं बसून राहतं. ही वेळ पारा तळपायांनी ओळखायचा. पहाटे चपला काढून हिरवळीवर डोळे मिटून उभा राहायचा आणि एके दिवशी म्हणायचा, "आली वेळ." मग कोणाची हिंमत होती नाही म्हणायची?

यंदा मात्र मेट्रनबाईंनी त्याला बोलावून स्पष्टच सांगितलं. "काका, गेल्या थंडीत हिरवळीला टकलं पडली होती. पेशंट खिडकीतून दिवसभर तेच बघतात. यंदाही तसंच झालं तर मी तिथे प्लास्टिकचं गवत अंथरणार. पाणी नको, कापणी नको." माळीही नको, एवढं त्या बोलल्या नाहीत, पण पाऱ्याला ते ऐकू आलं. ती हिरवळ त्यानं लेकरासारखी वाढवली होती.

तयारीत त्यानं कसूर केली नाही, हे आपण कबूल करू. हरळीचं खत आधीच बंद केलं. मग ती जमिनीलगत कापली, दाताळ्यानं मेलेल्या गवताचा थर ओरबाडून काढला, म्हणजे बी मातीला टेकावं. हे काम करताना तो चपला घालत नसे. एका पहाटे पाय गार लागले आणि तो म्हणाला, "आली वेळ." बायको शेजारी पदरानं वारा घेत उभी होती. ती त्याच रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुवायची. "अहो, मला तर घाम फुटलाय," ती म्हणाली.

"तू धुलाईघराचं बघ," पारा म्हणाला, आणि बी टाकलं.

कोंब आले, अगदी बाळाच्या जावळासारखे. मेट्रनबाईसुद्धा थांबून बघून गेल्या. पण उकाडा कुठला जायला? कोंब माना टाकू लागले, पिवळे पडले, चिकट होऊन कुजले, आणि हरळी पुन्हा त्यांच्या डोक्यावर चढली. पाऱ्यानं बियाण्याला शिव्या घातल्या, मग पाखरांना, मग पाणी सोडणाऱ्या पंपवाल्याला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. पण आतून तो पार हबकला होता.

त्याच संध्याकाळी तो घरात आला आणि फरशीवर लाल ठसे उमटले. बायकोनं त्याला खाली बसवून पाय मांडीवर घेतला. दाताळ्याचा मोडका दात तळव्यात रुतला होता.

"दुखत नाही?"

"काय दुखत नाही?"

तिनं दुसऱ्या तळव्याला चिमटा काढला, चांगला जोरात. तो तिच्या तोंडाकडेच बघत राहिला.

"कधीपासून?"

त्यानं पाय ओढून घेतला. "गेल्या वर्षापासून. नुसते गार वाटतात. मला वाटलं, जमीनच गार आहे."

आयुष्य रुग्णालयात गेलं, पण स्वतःचा पाय त्यानं कुणाला दाखवला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, जखम बांधली आणि दम भरला की यापुढे अनवाणी पाऊल टाकायचं नाही.

बियाण्याचं पोतं अजून पुरतं रिकामं झालं नव्हतं. टकलं बुजवायला तो नेहमी थोडं बी मागे ठेवायचा. खिडक्यांसमोरच्या तुकड्यापुरतं तरी ते झालं असतं. पण वेळ सांगणार कोण? तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"मी उभी राहते," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"ते बघू."

मग रोज पहाटे ती कामावर जायच्या आधी चपला काढून हिरवळीवर उभी राहायची आणि पारा बूट घालून कडेच्या बाकावर बसायचा. "अजून नाही," ती म्हणायची. तो चडफडायचा. मेट्रनबाईंकडे प्लास्टिकवाला नमुने दाखवून गेला होता, तेही त्यानं पाहिलं होतं. एकदा तो खेकसलाच, "अगं, थंडी संपल्यावर सांगणार आहेस का?" तिनं चपला घातल्या आणि कामाला गेली.

आणि एका पहाटे तिनं पाऊल टाकलं आणि पटकन मागे घेतलं. पुन्हा टाकलं. मग तशीच उभी राहिली.

"आज गार आहे," ती म्हणाली.

"नुसतं गार म्हणू नकोस," पारा पुढे झुकून म्हणाला. "नीट सांग. किती गार?"

तिनं पायाची बोटं गवतात रोवली.

"रात्री झोपेत तुमचे पाय माझ्या पायांना लागतात ना," ती म्हणाली, "तेवढं."

पारा आपल्या बुटांकडे बघत बसला. मग उठला आणि बियाण्याचं पोतं आणायला गेला.