झोपलेल्या बाळाची परीक्षा

आमच्या कानतपासणीच्या खोलीत किस्से साठतातच. मशीन दोन, खुर्च्या तीन आणि सल्ले देणारे नातेवाईक अकरा! रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, तशी आजूबाजूची अवघड बाळंतपणं सगळी इकडेच यायला लागली. जन्मताना बाळाचा श्वास कोंडला, तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. म्हणून अशी बाळं माझ्याकडे पाठवतात.

* * *

इथल्याच गुढियारी मोहल्ल्यातल्या कमलआजी सुनेबरोबर नातीला घेऊन आल्या. पोरगी सुनेच्या माहेरी, अभनपूरला जन्मली आणि बराच वेळ रडलीच नव्हती. मी म्हटलं, "आजी, आधी तिला झोपवा. तपासणी झोपेतच होते."

आजी सुनेकडे वळल्या. "ऐकलं का वं? झोपलेल्या पोट्टीले विचारतेत, ऐकू येते का म्हणून!"

* * *

मशीन दोनच निकाल देतं, 'पास' किंवा 'रेफर'. रेफर म्हणजे पुन्हा तपासा. नातीचे दोन्ही कान रेफर आले.

आजी घाबरल्या. "अभनपूरच्या डॉक्टरनं इथं रेफर केलं. आता तुम्ही कुठं धाडता, नागपूरले? अन् नुसते कानच?"

* * *

मोठ्या तपासणीत कळलं, नातीला फारच कमी ऐकू येतं. आजींचा विश्वास बसेना. घरी त्यांनी पाळण्यामागे काशाची थाळी बडवली.

"मग?" मी विचारलं.

"पोट्टी हालली नाही. मोहल्ल्यातल्या बाया मात्र धावत आल्या!"

सांगताना हसल्या, पण डोळे भरलेले होते.

* * *

पुढच्या खेपेला नातीचे कान तेलानं भरलेले! मी भडकले.

"तुम्हीच म्हटलं ना, आतला कान कमजोर आहे. आतपर्यंत पोचावं म्हणून कोमट करून टाकलं," आजी म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "माह्यामुळं झालं का हे दीदी?"

मला माझ्या आवाजाची लाज वाटली. शेजारी बसून सांगितलं, जन्मताना श्वास अडकला, त्यानं झालं. यात तुमचा काही दोष नाही.

* * *

पोरगी सहा महिन्यांची झाली आणि कानाचं मशीन बसवायचा दिवस आला. बाप पहिल्यांदाच आला. रेल्वे स्टेशनवर अनाउन्सर. ऐकूच येत नाही तर काय बोलायचं, म्हणून त्यानं लेकीशी बोलणंच सोडलं होतं, असं सुनेनं मला सांगितलं.

मी त्याला लेकीच्या मागे उभं केलं. "मशीन सुरू करते. काहीतरी बोला. वळते का बघू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय बोलू मॅडम?"

"काहीही!"

तो ताठ उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "यात्रीगण कृपया ध्यान दें!"

पोरीनं मान वळवली. थेट बापाकडे!

तो लेकीकडे बघतच राहिला. आजींनी पदरानं डोळे पुसत त्याला ढोसलं.

"थांबला काहून? गाडी येऊ दे ना!"