शून्य घाताचा पाऊस

नगरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी शिकले. घरात मराठी होती, पण गणित कधी मराठीत केलं नव्हतं. बी.एस्सी. झाल्यावर पारनेर तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात वर्षभरासाठी तात्पुरती जागा मिळाली, तेव्हा मला मुलांपेक्षा शब्दांची भीती जास्त वाटली. ‘घातांक’ हा शब्द मी तिथेच, पाठ्यपुस्तकात पहिल्यांदा वाचला. मोठ्या संख्या दहाच्या घातात कशा लिहायच्या, हे मला नववीला शिकवायचं होतं. पुस्तकात सूर्याचं अंतर होतं. ते फळ्यावर लिहिताना मी वर्गाकडे पाठ करून उभी राहत असे, कारण तेवढा वेळ कुणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नसे.

ते बहात्तरच्या दुष्काळाचं वर्ष होतं. वर्ग निम्मा रिकामा असायचा. गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि जो हात मोकळा होईल तो तिकडे जात होता. उरलेल्या मुलांना सूर्य किती लांब आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. उन्हाचे चटके त्यांना रोजच बसत होते.

एक दिवस मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “कोयनेचा भूकंप आठवतो का कुणाला?”

सगळेच एकदम बोलू लागले. फडताळातली भांडी वाजली होती. एकाची आजी घोंगडीसकट अंगणात पळाली होती. मी सांगितलं, भूकंपाच्या मापाचा आकडा एकानं वाढला की जमिनीचा हादरा दहापट होतो. दोनानं वाढला की शंभरपट. “म्हंजी आकडा बारका आन् भूकंप मोठा,” एक मुलगा म्हणाला. घातांकाची इतकी सोपी व्याख्या मला सुचली नसती.

मग पाऊस आला, म्हणजे फळ्यावर. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद रान. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी, दहाचा चौथा घात. सेंटिमीटरभर पडला तर पाचवा. दहा सेंटिमीटर पडला तर सहावा, दहा लाख लिटर.

“एवढं पानी एका रानात?” कुणीतरी विचारलं. खिडकीजवळची मुलं बाहेरच्या रानाकडे बघू लागली. मला वाटलं, हे उदाहरण घ्यायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, आपल्या रानातली कुठलीही गोष्ट दहाच्या घातात लिहून आणा. बहुतेकांनी एकच गोष्ट आणली: यंदाचा पाऊस, दहाचा शून्य घात. त्यांच्या दृष्टीनं शून्य घात म्हणजे शून्य. मी हजार, शंभर, दहा असं लिहीत खाली आले. दर पायरीला दहानं भागायचं. दहाच्या खालची पायरी एक. म्हणून दहाचा शून्य घात एक होतो. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. फक्त तिसऱ्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला ते पटलेलं नव्हतं. पण ती विचारणार तेवढ्यात घंटा झाली, आणि त्यानंतर ती शाळेत यायचीच थांबली.

तिची भावजय बाळंत झाली होती. तलावावर भावजयीच्या जागी ती उभी राहत होती. वार्षिक परीक्षा जवळ आली होती. हेडसर म्हणाले, “नापास झाली की संपलं. पोरीला पुन्हा कोण पाठवतंय?”

मी अनोळखी माणसांशी बोलणं टाळणारी. तरी शनिवारी शाळा सुटल्यावर तलावावर गेले. बांधाच्या उतारावर बायकांची रांग होती. खालून मातीची पाटी हातोहात वर जात होती आणि रिकामी पाटी खाली येत होती. ती मुलगी रांगेच्या मध्यावर होती, शेजारी तिची आई. मला पाहून तिनं मान खाली घातली.

“अगं, शाळंतल्या बाई! द्या गं त्यांच्या बी हातात पाटी.”

“मोडतील बिचाऱ्या. नुसती काडी हाय.”

सगळ्या हसल्या. वाटेत जुळवलेली वाक्यं मी विसरले. तिच्या आईसमोर जाऊन एवढंच म्हणाले, “ती हुशार आहे हो. तिला परीक्षेला बसू द्या.”

आईचे हात थांबले नाहीत. “हुशार हाय ते मला ठावं हाय, बाई. पर मधली एक गेली की पाटी भुईला पडती.”

“पडती कशानं?” वरच्या अंगाला उभी असलेली एक म्हातारी म्हणाली. “आमचं हात काय आखूड झाल्यात? सरकून हुबं ऱ्हाऊ.”

“मुकादम बोलंल.”

“बोलू दे. त्यो बायकूसमोर बोलत न्हाई, हितंच त्याला कंठ फुटतोय.”

मुकादम पलीकडेच होता. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. हातातली पाटी वर देत आई म्हणाली, “दुपारच्या भाकरीच्या टायमाला शिकवा. पेपराचं मग बघू.”

मग सुट्टीच्या दिवशी दुपारी आणि एरवी सकाळी काम आणि शाळा सुरू व्हायच्या आधी, मी जात राहिले. कोरड्या विहिरीजवळच्या बाभळीखाली बसून आम्ही मातीवर बोटानं आकडे लिहायचो. पहिल्याच दिवशी तिनं अडलेला प्रश्न काढला.

“बाई, शून्य घात म्हंजी एक. मग शून्य कितवा घात?”

“कुठलाच नाही. एकाला दहानं भागलं, पुन्हा भागलं, कितीही भागलं, तरी थोडं उरतंच.”

तिनं मातीवर लिहिलेला एक बोटानं पुसला. “म्हंजी पाऊस पडलाच न्हाई, हे ह्या रीतीनं लिवताच येत न्हाई?”

“नाही येत.”

“काय म्हन्ती गं तुझी बाई?” म्हातारीनं भाकरी चावत विचारलं.

“कायतरी उरतंच म्हन्त्यात.”

“मग ह्या हिरीत बघ म्हनावं,” म्हातारी म्हणाली, आणि आम्ही सगळ्याच हसलो. मीसुद्धा, मोठ्यानं.

गणिताच्या पेपराला घंटा झाली तेव्हा तिसरा बाक रिकामा होता. मी प्रश्नपत्रिका वाटल्या आणि खिडकीकडे न बघण्याचा प्रयत्न केला. मग पावलं वाजली. तिच्या केसांत माती होती. हात ओले होते. कुणीतरी पिण्याच्या पाण्यातलं पाणी हात धुवायला दिलं होतं. मी तिच्या बाकावर प्रश्नपत्रिका ठेवली आणि पुढे गेले, कारण थांबले असते तर डोळे भरून आले असते.

निकालाच्या दिवशी तिच्यासोबत आईही आली. मुलगी पास झाली होती. आईला गुणपत्रक दाखवलं, पण ती वर्गाकडे बघत होती.

“ही बसती कुठं?”

मी बाक दाखवला. आई संकोचानं आत गेली, पदर सावरून बाकावर बसली आणि फळ्याकडे पाहू लागली. मुलगी दारातच लाजून उभी राहिली.

“मॅट्रिकला आजून किती वर्सं?” आईनं विचारलं.

“दहावी आणि अकरावी, दोन,” मी म्हणाले.

“दोनच व्हय?” ती म्हणाली, आणि लेकीला बसायला जागा करत बाकावर थोडी सरकली.